दर तासाला गुडघा

त्सेंदसुरेन. वय एकोणचाळीस, तिसावा आठवडा.
आधीची दोन गेली; फाइलीत ती एका ओळीत उरकलीत.
गोबीतून रात्रभर गाडीनं आणली उलानबातरला,
वरचा दाब एकशे बहात्तर, खालचा एकशे चौदा.
पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला.
"उंटाचं पाऊल," ती म्हणाली आणि हसली.
मी नाही हसले.

दिवा मंद. पडदा ओढलेला. फोन बंद.
झटक्याला निमित्त पुरतं: दाराचा आवाज, ट्यूबलाइट.
नळीतून मॅग्नेशियम, तासाला एक ग्रॅम.
उशाशी कॅल्शियमची कुपी, न फोडलेली,
औषधावरचं औषध.

आईचं बघायचं तर आजच मोकळी करा,
बाळाचं बघायचं तर अजून दोन महिने थांबा.
डॉक्टर खालिउननं मध्ये पडून
अठ्ठेचाळीस तासांवर सौदा तोडला.
फुप्फुसांसाठी दोन सुया, दिवसाच्या अंतरानं.
तेवढ्या वेळात त्या मुठीएवढ्या फुप्फुसांनी
काय शिकायचं ते शिकून घ्यावं.

माझं काम साधं.
श्वास मोजायचे, पूर्ण मिनिट, अर्ध्याची दुप्पट नाही.
लघवीची पिशवी उजेडाकडे धरायची.
आणि रबरी हातोडीनं गुडघ्याखाली एक टक.
पाय फार उडाला तर वादळ जवळ आलंय.
नाहीच उडाला तर मीच तिला बुडवतेय.
मधली एवढीशी उसळी हवी, बस.
चौदा वर्षं झाली, हातोडी उचलताना
अजून जीभ टाळूला चिकटते.

"दार वाजवतेस?" पहाटे तिनं विचारलं.
"हो."
"आमच्याकडे दार वाजवत नाहीत.
लांबूनच हाक देतात, कुत्रा धरा!"
मग पुढच्या तासाला मी आधी म्हटलं, कुत्रा धरा.
टक.
पाय उडाला.
"धरलाय," ती म्हणाली. जीभ जड होती, पण म्हणाली.

बाहेर बाकावर बाट-ओचिर,
मांडीवर खारट दूधचहाचा थर्मास.
तो तिला चालणार नाही हे तीनदा सांगून झालं.
"माहितीय," तो म्हणतो, आणि धरूनच बसतो.
शेळ्या विताहेत, भाऊ एकटा आहे,
रात्री उणे तीस. एवढं बोलला, मग गप्प.

एक्केचाळिसाव्या तासाला ती म्हणाली,
"काजवे दिसताहेत."
गोबीत काजवे कुठले.
मग डोकं धरलं, मग बरगड्यांखाली हात नेला.
मी घंटा दाबली. सौदा मोडला.
सात तास राहिले होते बाळाच्या नावावर.

अकराशे चाळीस ग्रॅम. मुलगा.
रडला म्हणावं असा आवाज नाही;
जुन्या बिजागरीला वंगण नसावं तसा.
नेला वर, काचेच्या पेटीत.
चिठ्ठीवर काय लिहू, मी बापाला विचारलं.
"एनेबिश."
म्हणजे, हा नव्हे.
न्यायला जे कुणी येतं
त्यानं वाचावं, चुकलो म्हणावं, परत जावं.
मी मोठ्या अक्षरात लिहिलं, दोन्ही बाजूंनी.

चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या नर्सनं सांगितलं,
बाळ छातीशी कसं धरायचं ते शिकवायला ती गेली
तर त्यानं तोवर अंगरखा उघडला होता,
गारठलेलं करडू घेतात तसं आत घेतलं,
नळ्यांसकट, एकही न ओढता,
आणि वर पट्टा आवळला.

पण ते चौथ्या दिवशी.
त्या रात्री मला यातलं काही ठाऊक नव्हतं.
बाळंतपणानंतरही चोवीस तास नळी चालूच असते;
लोकांना वाटतं, सुटली.
खाली मी, ती, मंद दिवा.
तिला वरचं काय सांगायचं ते ठरलं नव्हतं.
दोन वाजले. तीन वाजले.
"कुत्रा धरा," मी म्हटलं.
उत्तर आलं नाही.
टक.
पाय थोडा उडाला. थोडा.
मी श्वास मोजायला घेतले,
पूर्ण मिनिट.