कोनतं चांगलं?

बँकेची शाखा आर्वीला हलली
तेव्हा पाच कॉम्प्युटर वाचनालयाच्या वाट्याला आले.
आतून कोरे. बाहेर ‘रोख’, ‘चौकशी’
अशा चिठ्ठ्या अजून चिकटलेल्या.
वर्ध्याच्या एका पोरानं येऊन लिनक्स टाकलं,
म्हणाला, काका, सगळं फुकट आहे, हजारोंनी आहे,
ज्याला जे हवं ते घेऊ द्या,
आणि शेवटच्या एसटीमागे धावला.

मी टायपिंगचा मास्तर.
मिनिटाला चाळीस शब्द, एवढंच माझं भांडवल.
तरी रात्र जागून यादी केली :
लिहायला सात, हिशेबाला चार,
चित्रांना अकरा, गाण्यांची मोजायची सोडून दिली.
प्रत्येकापुढे गुण निळ्या शाईत, दोष लाल.
यादी लावली पाणीपट्टीच्या नोटिशीशेजारी.

लोक आले. यादी वाचली.
पाणीपट्टीही वाचली.
“मास्तर, याच्यातलं कोनतं चांगलं?”
मी म्हटलं, सगळीच चांगली.
“आन् फुकट? मंग खोट कुठी हाये?”
दुसऱ्या दिवशी कूलर आणि मी, दोघंच.

विळ्याला मूठ बसवायला गेलो होतो लोहाराकडे,
भात्यावरून नजर न काढता तो म्हणाला,
“सोयाबीन सोंगाचं हाये का गवत कापाचं?
हात कोनता चालते?”
बस्स, एवढंच.
विळे किती प्रकारचे असतात
हे त्यानं आजवर मला सांगितलेलं नाही.

यादी उतरवली.
तिच्या कोऱ्या बाजूला हजेरी लिहू लागलो.

शालिक नेहारे पेनड्राइव्ह घेऊन आला,
वीस वर्षांच्या लग्नपत्रिकांचा मजकूर त्यात.
उघडला तर नुसते कंस, डॉलर, इंग्रजी अक्षरांची रांग,
नवरदेवही ओळखू येईना, मुहूर्तही.
“मास्तर, माहं मराठी कुठी गेलं?”
गेलं नाही, म्हटलं, जुना फॉन्ट नाही इथं.
बदलून घेतलं युनिकोडात, तर वेलांट्या शेजारच्या घरी,
रफार भलत्याच डोक्यावर.
चार तास बसून त्यानं एकेक जागेवर आणली.
मधेच थांबून म्हणे, “हे पोरगी आता आजी झाली.”

प्रणोती नववीतली. तिनं मोठं चित्रांचं सॉफ्टवेअर उघडलं,
बटणं पाहून बंद केलं,
आणि लहान मुलांचं घेतलं, ज्यात ब्रशचा आवाज येतो.
मी काही बोललो नाही.
वाचनालयभर सर्र सर्र,
पडद्यावर पळस पेटलेला.

पंचफुला आत्राम बचत गटाची वही घेऊन आली.
आता मला विचारणं जमू लागलं होतं :
काय करायचं आहे, कुणाला दाखवायचं आहे,
लाइट गेली तर किती लिहिलेलं जाईल.
हिशेबाचं सॉफ्टवेअर दाखवलं,
खालच्या चौकोनात बेरीज आपोआप, बघा.
ती बघत राहिली.
“बेरीज मले येते, मास्तर,” ती म्हणाली,
“वही पावसात भिजते. मले फक्त जागा पाह्यजे.”

तिनं निवडलं सगळ्यात साधं,
पांढरं पान आणि फडफडती उभी रेघ.
माझ्या यादीत त्याच्यापुढे लाल शाईत होतं :
काहीच सोयी नाहीत.

ती गेल्यावर, खरं सांगायचं तर चोरूनच,
मी तिचे आकडे चौकोनांत भरले.
एकशे चाळीस रुपयांचा फरक आला.
दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा बोटांवर.
चूक माझी होती. एक ओळ सुटली होती,
उईकेबाईंचा हप्ता.

कॉम्प्युटर बंद केला.
‘चौकशी’ची चिठ्ठी नखानं खरवडायला घेतली,
मग म्हटलं, राहू दे.