पावती

फोन आल्यावर पाऊण तासात
मी सांगरूळच्या गोठ्यात.
गाडी संघाची, औषध संघाचं.
मालक उंबऱ्यात. म्हस लाखाची, सातव्या महिन्यात.

सोनाक्कानं शेपूट धरलं.
‘अंग भाईर येतंय,’ म्हणाली,
‘वजन उचाललं की. खोकलं की.’
मोजा चढवून नीट तपासलं.
म्हस ठणठणीत. रवंथ चालू.

वजन? म्हस कधी वजन उचलते?

मालक चहाचं सांगायला आत गेला तेव्हा
हलक्या आवाजात विचारलं, ‘कधीपास्नं?’
‘धाकट्याच्या वक्तापास्नं.’
धाकटा यंदा दहावीला.

मी नको तितका वेळ हात धुत राहिलो.
‘सीपीआरला जावा, आक्का.
बायकांचे डॉक्टर असतात तिथं.’
‘जाईन की. ऊस गेल्यावर.
ही व्याल्यावर.
शेणघाण कोण काढंल तवर?’
मग, खाली बघत:
‘हिला काय करता वो, अंग भाईर आलं तर?’
‘आत बसवतो. टाके घालतो.’
‘दारात यिऊन?’
‘दारात येऊन.’

पावती फाडली. बिल्ला नंबर, वेत तिसरं,
तक्रार –
‘काय निघालं?’ मालक कपबशी पुढं करत.
‘काही नाही,’ मी म्हणालो, तेच लिहिलं.

तिनं पाटी डोक्यावर घेतली.
एक हात पाटीला,
एक ओटीपोटाखाली.