ऐन

बदलीचा कागद घेऊन किनवटला उतरलो तेव्हा
मला झाडं दोनच ठाऊक :
बाभूळ, आणि बाभूळ नसलेलं.
आमच्या औशाकडं तेवढ्यावर भागतं.

डेपोतलं रजिस्टर पुढ्यात आलं.
जातीच्या रकान्यात जुन्या बाबूनं लिहिलेलं : येन, नग चौदा.
मी खोडून शुद्ध केलं : ऐन.
पान उलटलं तर त्याचाच साजड झालेला,
पुढं सादडा.
लाकूड तेच, काळपट, जड,
सालीवर सुसरीच्या पाठीचे चौकोन.

करवतीवरचा पोशट्टी हसला,
"नल्लमद्दी लिहा, सार.
बापानं याच नावानं अंथरलं हे मीटरगेजखाली,
पार पैनगंगेपलीकडं."
त्याच्या उजव्या हाताला बोटं चार.

वनमजूर सोनेराव मडावी मात्र नावच घेईना.
"त्यात आमचा पेन राहतो," एवढंच,
नवऱ्याचं नाव टाळणाऱ्या बाईसारखं इकडंतिकडं बघत.
बुंध्यावर हातोड्याचा ठसा पडताना
त्याला दरवेळी तंबाखू आठवायची.

मग मे.
सीमारेषा मोजत आम्ही आत गेलेलो,
बाटल्या कधीच संपलेल्या,
जिभेचं चामडं.
सोनेराव एका झाडाशी थांबला,
खोडाच्या फुगवट्याला कान लावला,
काहीतरी विचारलं. थांबला.
(उत्तर आलं असावं.)
मग कुऱ्हाडीचं टोक, हलकेच, एकदा.

पाणी.
तुरट, कोमट, लाकडाच्या वासाचं,
ओंजळभर, मग आणखी ओंजळभर.
शेवटी त्यानं भोक मातीनं लिंपलं,
लेकराच्या नाकातलं पुसावं तसं.

ऐन मे, ऐन दुपार.
इतकी वर्षं हा शब्द मी फुकट वापरला.

लिलावाच्या दिवशी इस्लापूरचे कादरी ठेकेदार
चहा बशीत ओतत म्हणाले,
"ऐन म्हणजे अरबीत डोळा, बाबूजी.
झरा पण."
झाडाचा त्याचा काही संबंध नाही, हेही त्यांनीच सांगितलं,
आणि चौदाही नग सगळ्यांत कमी भावात उचलले.

रजिस्टरात मी पुन्हा 'येन' करून ठेवलंय.
खाडाखोडीवर सही लागते, ती केली.

जाता जाता सोनेरावनं विचारलं,
"तुमच्याकडं बाभळीला काय म्हणतात?"
बाभूळच, मी म्हटलं.
"एकच?"
आणि माझ्याकडं असं बघितलं,
जसं गाव नसलेल्या माणसाकडं बघतात.