डावं दार

शनिवारी आम्ही तिघं निघतो,
थर्मास, टॉर्च आणि बोथट खरवडणी घेऊन:
मी, लेनर्ड ट्रॅन्टर, आणि दुखऱ्या गुडघ्याची ऑड्री पिकरिंग,
जिला नुसत्या शेपटीच्या वळणावरून
विमानाचं घराणं कळतं.

त्या वेळी श्रॉपशरमधलं एक शेत होतं.
शेतकरी म्हणाला, ते होय? त्यावर कोंबड्या बसतात.
खरंच बसल्या होत्या.
एका पंखावर चौदा,
आणि एक, जरा मानी, थेट वैमानिकाच्या जागी.
ऑड्रीने आधी तिची माफी मागितली.

कापड हातभरच उरलेलं.
लेनर्डने ते नखानं खरवडलं, श्वास रोखून.
वर हिरवा रंग, पिकांवर फवारणी करणाऱ्यांचा.
खाली सायीसारखा, कुठल्याशा क्लबचा.
त्याच्याही खाली लष्करी तपकिरी,
वरून बघणाऱ्याला माती वाटावी म्हणून दिलेला.
आणि सायीच्या थरात, टॉर्च तिरपा धरल्यावर,
जी.
मग ए.
मग एका अक्षराचा नुसता पाय,
आरचा असेल, केचा असेल.
पुढचं उंदरांनी वाचून संपवलेलं.

एवढ्या पायावर आमची तीन वर्षं उभी राहिली.

विमानं सापडतात हो,
हरवतात ते मालक.
वूस्टरचा एक दंतवैद्य, तिसरं मूल झाल्यावर विकून मोकळा झालेला.
दोघे भाऊ, निम्मं निम्मं घेतलेलं,
पुढे एकमेकांशी बोलणंच टाकलेले.
जांभळ्या शाईत फक्त ‘डब्ल्यू. एन.’ लिहिणारा कुणी.
आम्ही पत्रं पाठवली:
महोदय, सन त्रेपन्नच्या सुमारास
आपल्याकडे विमान होतं काय?
एकानं कळवलं, नाही, बकरी होती.

मग लडलोच्या वृद्धाश्रमात म्युरिएल हॅदरसेज भेटल्या,
वय एक्क्याण्णव, कानात यंत्र, ओठांवर लाली.
अक्षरं? छे, कुणाला आठवतायत.
रंग? एडगरला विचारा. तो गेला म्हणा.
पण ते डावं दार!
बंदच व्हायचं नाही मेलं.
तो चालवायचा, मी दार धरून बसायची,
रुमालानं मनगट बांधून.
वेल्सचा अख्खा किनारा गेला खालून,
मी पाहिलं ते दारच.

आम्ही गाडीत येऊन लॉगबुक उघडलं.
नऊ जून चोपन्न: डाव्या दाराची कडी बदलली.
अठ्ठावीस जून: पुन्हा बदलली.
ऑगस्ट: पुन्हा. प्रवासी नाराज.
ऑड्री इतकी हसली की चष्मा काढावा लागला,
मग बराच वेळ तो तिने घातलाच नाही.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं.
पण नॉर्फोकहून डग्डेलचं पाकीट आलं.
आत फोटो: जळलेलं हँगर, सत्तावन्न साल,
राखेतून वर आलेली शेपटी,
तिच्यावर आमचीच अक्षरं, पाचही, स्वच्छ.
म्हणजे ते जळलं,
आणि त्याचं नाव कुणीतरी
दुसऱ्याच सांगाड्याला चढवलं,
किंवा सांगाडा तोच आणि शेपटी उसनी,
किंवा डग्डेल, जो आम्हाला कधीच आवडला नाही.

लेनर्ड दोन आठवडे फोनवर आला नाही.
आला तेव्हा एवढंच म्हणाला,
ज्याची हाडं त्याचं नाव, की ज्याचे कागद त्याचं?
मी म्हटलं, रविवारी मोकळा आहेस का?

ऑड्रीच्या कार्डावर आता पेन्सिलीनं ‘बहुधा’ आहे.
शाई ती पर्समध्येच ठेवते.

परवा पुन्हा शेतावर गेलो, दार शोधायला.
दाराची चौकट होती, जुन्या स्क्रूंची भोकं होती,
तीन जागी, एकाखाली एक.
दार नव्हतं.
शेतकऱ्यानं डोकं खाजवलं.
म्हणाला, आमच्या बापानं असलंच काहीतरी
सशांच्या खुराड्याला लावलं होतं.
मी तेव्हा एवढासा.
नीट बसायचंच नाही ते,
रोज सकाळी ससे पळालेले असायचे.