एकेरी

तेगालच्या बंदरामागे, बर्फाच्या कारखान्याला लागून
वेनिंगचं ऑफिस. एक पंखा, दोन खुर्च्या,
आणि भिंतीवर खलाशांचे फोटो, निळ्या पडद्यापुढे काढलेले,
दोन्ही कान दिसतील असे.

दोनशे बारा माणसं सोमवारी जायची आहेत.
दार्सोनोने यादी पाठवलीय
त्याच्या नेहमीच्या रीतीने, म्हणजे सगळं एका चौकटीत कोंबून:
नाव, स्वल्पविराम, गाव, स्वल्पविराम, वय, स्वल्पविराम, बुटाचं माप.
कंपनीला मात्र पहिलं नाव वेगळं हवंय,
आडनाव वेगळं.
"एक अक्षर चुकलं तर जहाजावर घेत नाहीत,"
दार्सोनो फोनवर म्हणतो, "नाव बुडवू नकोस."

वेनिंग आतून बाहेर लिहीत जाते,
कांदा उलटा सोलावा तसं.
पहिल्या स्वल्पविरामापर्यंतचं काढून घेतलं, ते सोपं.
आता फाइंड: त्यात मोकळी जागा कितव्या घरात आहे, बघ.
एक वजा कर,
नाहीतर शेपटाला रितेपण चिकटून येतं.
मग लेफ्ट: डावीकडून तेवढंच उचल.
कंस मिटला. एंटर.
कोपऱ्यातला बारीक चौकोन धरून ती खाली ओढते
आणि नावं निघू लागतात,
ताउफिक, बागास, इमाम,
आईबापांनी म्हटलं असेल ना, पोरगा नाव काढील;
काढलं. एका ओढीत सोळा.

सतराव्या ओळीवर अडलं.
हॅश, व्हॅल्यू, उद्गारचिन्ह.
तार्जोनो. नुसता तार्जोनो.
खाली दक्लान. खाली साकुर.
एकाच नावाची माणसं, एका हाकेत अख्खी मावणारी.
फाइंड त्यांच्यात मोकळी जागा शोधत
या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं
आणि सापडली नाही म्हणून ओरडतं.
एकसष्ट वेळा.

यावर युक्ती आहे. सूत्रातच
प्रत्येक नावामागे एक रिकामी जागा जोडून द्यायची.
दिसत नाही, छापली जात नाही,
पण शोधणाऱ्याला काहीतरी सापडतं. गप्प बसतो.
वेनिंगने स्वतःचं नाव घालून पाहिलं. वेनिंग आली.
आडनावाचा रकाना रिकामा.
रिकामं कंपनीला चालत नाही.

"बापाचं नाव लाव," दार्सोनो.
"कुठून आणू?"
"मी शेवटी स्वल्पविराम देऊन लिहून पाठवतो."
"आणि साकुर? त्याला कुठे—"
"साकुरला साकुरच लाव."
साकुर साकुर.
किनाऱ्यावरून कुणी हाक मारावी,
ओ आली नाही म्हणून पुन्हा मारावी, तसा.

रात्री पावणेबाराला नवी यादी आली.
मिड: चौथ्या स्वल्पविरामापासून पाचव्यापर्यंत,
पाचवा नसेल तर शेवटापर्यंत.
खाली ओढलं. एकही ओरडला नाही.
तिने न बघता पाठवली. बर्फाचं यंत्र बंद झालं होतं,
त्या शांततेत झोप फार जड येते.

शनिवारी ओळखपत्रं छापून आली.
निळा पडदा, दोन कान, लोसारीचा रस्दी, सव्वीस वर्षं.
आडनाव: पोहता येत.

वेनिंगने मूळ चौकट उघडली. एकशे त्रेचाळीसावी.
रस्दी, लोसारी, सव्वीस, एक्केचाळीस, पोहता येत नाही, वार्यो.
दार्सोनोने कधीतरी चांगल्या मनाने लिहून ठेवलेलं,
बापाच्या अलीकडे.
सूत्राने इमानाने उचललं.
आणि कंपनीच्या रकान्यात अक्षरं ठरावीकच मावतात,
म्हणून "नाही" बाहेर राहिलं.

रस्दी समोर उभा. नवे बूट, बरोबर मापाचे.
तिने सगळं सांगितलं. नवीन कार्डाला नऊ दिवस लागतील,
जहाज सोमवारी.
त्याने कार्ड उजेडात धरलं, ओठ हलवत वाचलं,
पुन्हा वाचलं,
आणि गळ्यात अडकवत म्हणाला,
"मग आता शिकावं लागेल."