अख्खा, पाकळी, तुकडा

माझं काम तसं सोपं आहे.
संध्याकाळी पाचला काटा लावायचा,
एकेकीची टोपली ओतायची
आणि वहीत तीन रकाने भरायचे:
अख्खा, पाकळी, तुकडा.
अख्ख्याला पूर्ण मजुरी, पाकळीला कमी,
तुकड्याचं विचारूच नका.

अकरा वर्षं मी हेच केलं,
वेंगुर्ल्याच्या अलीकडे, काजूच्या कारखान्यात,
जिथे खाऱ्या वाऱ्याने पत्र्याला भोकं पडतात
आणि जळक्या टरफलांचा वास
माझ्याआधी माझ्या घरी पोचतो.
अकरा वर्षं काटा बघितला, वही बघितली.
हात बघितले नाहीत.

त्या दिवशी रोहिणी केळुसकरचा तुकडा निघाला
एक किलो सातशे.
मी पेन उचललं, सवयीने म्हटलं,
"लक्ष खुठे असतं गं तुझं?"
(जीभ सुद्धा अडखळली, इतकी घाई.)
ती गप्प.
पलीकडून फिलोमिना लोबो म्हणाली,
"तिचा लक्ष हयच आसता, मुकादमानू.
तुमचा खय आसता, ता बगा."

सगळ्या हसल्या. मीही हसलो.
मग बघितलं.

राख फासूनही चिकाने जळलेली बोटं.
अंगठ्यावरच्या रेषा पार गेलेल्या,
इतक्या, की रेशनच्या दुकानातलं यंत्र
तिला ती मानत नाही;
दोनदा रिकामी पिशवी घेऊन परत आली म्हणे.
सासू बांबोळीला, खाटेवर.
रात्र तिच्या उशाशी काढायची,
पहाटेच्या गाडीने यायचं, थेट इथे,
आणि तरफ ओढायची दिवसभर.
हे सगळं फिलोमिनाच सांगत होती.
रोहिणी टोपली झटकत होती, रिकामी होती तरी.

वहीत मी खोटं लिहिलं नाही.
मालकाची वही; आणि काटा माझं ऐकत नाही.
फक्त म्हटलं, तू जरा टेक,
आणि तिच्या यंत्रावर जाऊन बसलो.

पहिली बी: चुरा.
दुसरी: चुरा.
तिसरीला वाटलं, जमलं. पाकळी.
जोर केला की फुटते, भ्यालं की उघडत नाही.
एका बीवर असताना पुढच्या बीचा विचार आला
की संपलं.
पंचवीस बियांत एक अख्खा निघाला माझ्या हातून,
आणि तो मी लहान पोरासारखा
सगळ्यांना दाखवत हिंडलो.
रोहिणी तेवढ्यात भिंतीला टेकून झोपली होती.
कोणी उठवलं नाही.

घरी ओजस दारातच.
रोज मी त्याला विचारतो, किती मिळाले?
गणितात, इंग्रजीत. तेच तीन रकाने.
त्या दिवशी विचारायच्या आत तोच म्हणाला,
"बाबा, अंगठ्याला काय झालं?"
बघतो तर फोड आलेला.
"दुखतंय?"
हा प्रश्न या घरात मी शेवटचा कोणाला विचारला,
आठवायला बसलो. नाही आठवलं.

मेधाने खोबरेल लावलं. तिचाही हात मी बघितला.
त्याबद्दल आज लिहीत नाही.

मग ओजस वायंगणीच्या किनाऱ्यावरच्या
कासवाबद्दल सांगत बसला.
जाळ्यात पाय अडकलेला, कोणीतरी कोयतीने सोडवला,
आणि ते लगेच गेलंच नाही,
थांबलं, वाळूतच, खूप वेळ.
मधेच माझं मन वहीकडे गेलं. ओढून आणलं.
परत गेलं. परत आणलं.
तोवर कासव पाण्यात शिरलं होतं;
तो भाग त्याला पुन्हा सांगायला लावला.
त्याने सांगितला. न चिडता.

आता पाचला टोपली ओतण्याआधी
हातांकडे बघतो. कधी विसरतो.
मालक म्हणतो, माणशी दोन मिनिटं जादा जातात.
जातात.
रोहिणीचा तुकडा काल नऊशेवर आला.
सासू अजून बांबोळीलाच आहे.