साल

राडिवोयच्या दारावर पाटी नाही.
तुतीला सायकल टेकवायची
आणि कुत्रा भुंकेपर्यंत थांबायचं.
एकतीस वर्षं मी कार्स्टच्या या पठारावर टपाल वाटलं.
त्याच्याकडे बहुतेक विजेची बिलं यायची.
जांभळ्या बोटांनी तो सही करायचा,
आणि दर नोव्हेंबरात सहा बाटल्या
माझ्या पिशवीत, पत्रांच्या खाली.
पैसे मी मोजून द्यायचे. तो मोजायचा नाही.
विल्मा मोजायची.

दुकानातली वाईन सगळ्यांशीच गोड बोलते.
ही टेरान. पहिल्या घोटाला दात आंबतात,
दुसऱ्याला जुनी किल्ली चोखल्यासारखं लोखंड,
तिसऱ्याला, तिच्या मनात असलं तर,
तुती.
रस सगळ्याच द्राक्षांचा पाणीच असतो, राडिवोय सांगायचा,
रंग सालीत.
हे तो दर वर्षी सांगायचा
आणि मी दर वर्षी नव्याने ऐकल्यासारखी मान हलवायचे.

माझ्या घराला तळघर नाही.
मागे एक टाकं आहे, आजोबांनी खडकात खोदलेलं,
छपराचं पाणी साठवायला.
नळ आला तसं ते कोरडं पडलं,
पण गारवा तिथून हलला नाही.
तिथेच मी बाटल्या आडव्या घातल्या,
विल्माच्या हातचं लेबल वरच्या अंगाला,
कणकेच्या खळीने चिकटवलेलं, त्यावर नुसतं साल.

फेब्रुवारीत बुर्या वारा तीन दिवस घोंगावला.
चौथ्या दिवशी कंदील घेऊन उतरले
तर चौतीस बाटल्या उघड्याबोडक्या.
खळीच्या वासाने गोगलगाई आल्या होत्या,
कागद, शाई, सालं, सगळं फस्त.
काचेवर फक्त त्यांच्या वाटा, चमकत्या.
जन्मात एक पाकीट चुकीच्या दारी टाकलं नाही मी,
आणि माझ्याच घरात ही
बिनपत्त्याची चौतीस.

रविवारी त्या दोघांना बोलावलं.
आंबट कोबीचं सूप, वाऱ्यावर वाळवलेलं मांस,
कापून ठेवलेलं, पलीकडचं दिसेल इतकं पातळ.
पहिली बाटली. राडिवोयने नुसता वास घेतला:
ही दुष्काळाच्या सालची.
दुसरी: ट्रॅक्टर विकला ते साल.
तिसऱ्या बाटलीवर नवराबायकोचं भांडण झालं,
विल्मा म्हणाली मोठीच्या लग्नाचं,
तो म्हणाला, लग्नात तू प्यायलीसच कुठे.

चौथी ओतली.
तीच ती. मी ओळखली.
हिच्यासाठीच तर टाक्यात दहा वर्षं
कंदील घेऊन चढउतार केली होती.
लोखंड मऊ झालेलं, दातांना कसली तक्रार नाही,
घोट गेल्यावरही कितीतरी वेळ कुणीतरी
खोलीत असल्यासारखं.
गारांचं साल ना हे, मी म्हटलं,
थोडीच झाली होती तेव्हा, पण काय झाली होती!

राडिवोयने ग्लास दिव्याकडे धरला.
विल्मा खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर काही नव्हतं.
ही माझी नाही, तो म्हणाला.
गारांनी एक घड ठेवला नव्हता.
डोंगरापलीकडे स्तोयान आहे, माझा आतेभाऊ,
त्याच्याकडून दोन पिंपं आणली, रात्रीची.
तुला सांगणार होतो.
तू दारात पिशवी उघडून उभी होतीस.

गोगलगाय नि पोटात पाय,
माझ्या ओठांवर आलं होतं.
पण म्हणायचं कुणाला?
त्याच आठवड्यात बँकेचं एक पाकीट
मी तीन दिवस पिशवीतून फिरवलं होतं,
त्याचं नाव असलेलं, लाल शिक्क्याचं.
चौथ्या दिवशी दिलं, म्हटलं, आजच आलंय.

मी ग्लास पुढे केला.
ओत, म्हटलं, स्तोयानच्या नावाने.
त्याने ओतली, हात किंचित थरथरला,
टेबलक्लॉथवर एक डाग पडला, तो अजून आहे.

निघताना विल्मा म्हणाली, नवी लेबलं लिहून देते,
या वेळी खळ नको, दोऱ्याने बांधू.
मग दारात उभी राहून बोटं मोडत बसली:
चार संपल्या, तीस उरल्या,
त्यातल्या त्याच्या किती, देव जाणे.
नको लिहूस, मी म्हटलं.
आणि नोव्हेंबरातल्या सहांचे पैसे
तिथेच तिच्या हातावर मोजले.
तिने पुन्हा मोजले.